‘आइ नो कोरिदा’ : एक चित्रपट आणि त्याच्या अनेक प्रती

नागिसा ओशिमा यांचा ‘आइ नो कोरिदा’ हा चित्रपट १९७६ साली पूर्ण झाला. फ्रान्समध्ये तो ‘लांपीर दे सांस’ आणि इंग्रजी जगात ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’ या नावांनी ओळखला जातो. स्त्री-पुरुषांचा शरीरसंबंध सूचित न करता प्रत्यक्ष चित्रित करणारा हा चित्रपट आहे, आणि तरीही जागतिक चित्रपटाच्या गंभीर इतिहासात त्याचे स्थान पक्के आहे. मात्र जगभरच्या प्रेक्षकांनी या नावाखाली एकच चित्रपट पाहिला असे म्हणता येत नाही. कानच्या महोत्सवातला, तोक्योच्या चित्रपटगृहातला, लंडनच्या सभासद-क्लबातला आणि पुढे घरच्या पडद्यावर आलेला चित्रपट यांत लांबीचा, चौकटीचा आणि झाकलेल्या भागांचा फरक होता. चित्रपटाच्या आशयाइतकाच त्याच्या प्रतींचा हा प्रवास समजून घ्यावा लागतो, कारण लपवण्याचा अधिकार कोणाला, या ओशिमांच्या प्रश्नाची खरी परीक्षा त्या प्रवासातच झाली.

कथानक सत्य घटनेवर आधारलेले आहे. सादा आबे १९०५ साली तोक्योच्या कांदा भागात, तातामी चटया बनवणाऱ्या कुटुंबात जन्मली. तरुणपणी ती गेइशा झाली आणि नंतर वेश्याव्यवसायात गेली. १९३६ च्या सुरुवातीला ती नाकानो भागातल्या एका उपाहारगृहात मोलकरीण म्हणून लागली आणि तिथला मालक किचिझो इशिदा याच्याशी तिचे संबंध जुळले. दोघे घर-धंदा सोडून भाड्याच्या खोल्यांमध्ये राहू लागले. १८ मे १९३६ रोजी सादाने झोपलेल्या किचिझोचा गळा आवळून जीव घेतला, त्याचे लिंग कापून घेतले आणि ते जवळ बाळगून ती शहरात फिरत राहिली. २० मे रोजी तिला अटक झाली. न्यायालयाने तिला सहा वर्षांची शिक्षा दिली. माफीत शिक्षा कमी होऊन १९४१ मध्ये ती सुटली.

या घटनेने जपानला वेड लावले. त्याचे कारण केवळ तिचा भयंकरपणा नव्हे. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी तोक्योत बंड करून मंत्र्यांचे खून पाडले होते, राजधानीत लष्करी अंमल होता आणि देश चीनविरुद्धच्या मोठ्या युद्धाकडे सरकत होता. अशा दिवसांत वृत्तपत्रांना आणि वाचकांना राजकारणाबाहेरचा एक विषय मिळाला. तिचा पोलिसांपुढचा जबाब पुढे छापला गेला आणि लोकांनी तो अधाशासारखा वाचला. सादा आबे ही त्यानंतर कादंबऱ्यांची, नाटकांची आणि चित्रपटांची व्यक्तिरेखा बनली. ओशिमांच्या आधी एकच वर्ष, १९७५ मध्ये, नोबोरु तानाका यांनी निक्कात्सु कंपनीसाठी याच विषयावर चित्रपट केला होता. तो कंपनीच्या ‘रोमन पोर्नो’ मालिकेतला असल्यामुळे संभोग सूचित करण्याची ठरलेली मर्यादा पाळणारा होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की ओशिमांनी नेमकी कोणती रेषा ओलांडली हे लगेच कळते.

ओशिमांचा जन्म १९३२ चा. क्योतो विद्यापीठात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, विद्यार्थी चळवळीत भाग घेतला आणि १९५४ मध्ये शोचिकु स्टुडिओत सहायक दिग्दर्शक म्हणून प्रवेश केला. १९६० साली त्यांनी ‘जपानमधील रात्र आणि धुके’ हा डाव्या चळवळीची झाडाझडती घेणारा चित्रपट केला. प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांचा खून झाला आणि स्टुडिओने चित्रपट मागे घेतला. ओशिमांनी शोचिकु सोडली व पत्नी, अभिनेत्री अकिको कोयामा आणि काही सहकाऱ्यांबरोबर स्वतःची संस्था काढली. ‘डेथ बाय हँगिंग’ (१९६८), ‘बॉय’ (१९६९), ‘द सेरेमनी’ (१९७१) या पुढच्या चित्रपटांचा विषय सामान्यतः एकच राहिला : जपानी राज्यसंस्था नागरिकाच्या देहावर, स्मृतीवर आणि घरावर कशी हक्क सांगते. ‘आइ नो कोरिदा’कडे या पार्श्वभूमीशिवाय पाहिले तर तो या दिग्दर्शकाचा एकाएकी घेतलेला वळसा वाटतो. प्रत्यक्षात तो त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होता.

निर्मितीची कल्पना पॅरिसमधून आली. आर्गोस फिल्म्सचे अनातोल दोमां हे आलां रेने यांच्या ‘नाइट अँड फॉग’ आणि ‘हिरोशिमा मॉन आमूर’ या चित्रपटांचे निर्माते. १९७२ मध्ये त्यांनी ओशिमांना कामुक चित्रपट करण्याचे सुचवले. ओशिमांनी विषय ठरवायला वेळ घेतला आणि दरम्यान फ्रान्समध्ये कायद्याचे वारे बदलले. १९७५ पर्यंत तिथे उघड कामुक चित्रपट चित्रपटगृहात दाखवता येऊ लागले होते. जपानमध्ये मात्र दंडसंहितेचे कलम १७५ जसेच्या तसे होते. १९०७ च्या संहितेतले हे कलम अश्लील वस्तूंचे वितरण, विक्री आणि प्रदर्शन यांना गुन्हा ठरवते. त्यामुळे या चित्रपटाची आखणी करताना कॅमेऱ्याइतकाच विचार सीमेचा झाला. कच्ची फिल्म फ्रान्सहून आली, चित्रीकरण क्योतोच्या स्टुडिओत बंद दारांआड झाले आणि चित्रित झालेली पण न धुतलेली निगेटिव्ह पुन्हा फ्रान्सला पाठवण्यात आली. डेव्हलपिंग तिथेच झाले. कागदोपत्री हा फ्रेंच चित्रपट होता. जपानी भूमीवर त्याचा एकही दृश्य ठसा तयार झाला नाही, आणि जे दिसतच नाही ते अश्लील ठरवणार कसे, असा तो व्यूह होता. जपानमधल्या निर्मितीची जबाबदारी कोजी वाकामात्सु यांच्याकडे होती. कमी खर्चात, वेगाने आणि सत्तेला न जुमानता चित्रपट करण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. छायांकन हिदेओ इतो यांचे, कलादिग्दर्शन जुशो तोदा यांचे, संगीत मिनोरु मिकी यांचे. सादाची भूमिका एइको मात्सुदा यांनी आणि किचिझोची तात्सुया फुजी यांनी केली.

चित्रपट पाहताना सर्वांत आधी जाणवते ती बंदिस्त जागा. सरकते दरवाजे, कागदी पडदे, अंथरुणे, लाल-किरमिजी वस्त्रे, सामिसेन या तंतुवाद्याचा आवाज आणि बाहेरच्या जगाचा हळूहळू होणारा लोप. कॅमेरा बहुधा स्थिर आणि थोड्या अंतरावर आहे. तो लुब्ध नाही. दोघांच्या खोलीत इतरांची ये-जा सुरू असते : मोलकरणी जेवणाचे ताट घेऊन येतात, गेइशा गातात, कुणी दाराआडून पाहते. ही रचना एदो काळातल्या ‘शुंगा’ या कामुक मुद्राचित्रांशी जवळची आहे. त्या चित्रांतही देह क्वचितच पूर्ण नग्न असतात, वस्त्रांच्या घड्या देहाइतक्याच महत्त्वाच्या असतात आणि चौकटीच्या कोपऱ्यात कुणीतरी पाहणारे असते. ओशिमांचा कामुकपणा पाश्चात्त्य बाजाराची नक्कल नव्हता, हे या साम्यावरून उघड होते. जपानच्या स्वतःच्या परंपरेत जे सर्रास छापले आणि पाहिले जात होते, ते मेइजी काळापासून आधुनिक राज्याने झाकून टाकले. चित्रपट तेच परत उघडतो.

कथेत संभोग अलंकार म्हणून येत नाही. कथा तिथेच घडते. सुरुवातीला मालक किचिझो आणि नोकर सादा यांचे नाते नेहमीच्या उतरंडीचे आहे. जसजसे प्रसंग पुढे जातात तसतशी सत्ता सरकत जाते. मागणी तिची होते, देणे त्याचे होते आणि शेवटी तो स्वतःचा श्वासही तिच्या हाती सोपवतो. हा बदल संवादांत सांगितलेला नाही; कोण कुठे बसले आहे, कोण कोणाकडे पाहते आहे, यातून तो दिसतो. म्हणूनच कात्री लागलेल्या प्रतीत हा चित्रपट कळत नाही. दृश्ये काढली तर कथानक उरते, पण ज्या पायऱ्यांवरून ते खाली उतरते त्या पायऱ्याच नाहीशा होतात.

एका प्रसंगाकडे अनेक अभ्यासक बोट दाखवतात. किचिझो रस्त्याने चालला आहे. समोरून सैनिकांची तुकडी येते, कडेला लोक झेंडे हलवत उभे आहेत. तो भिंतीच्या कडेने, मान खाली घालून, उलट दिशेने निघून जातो. संपूर्ण चित्रपटात लष्करशाहीचे असे थेट दर्शन जवळपास एवढेच, आणि ते पुरेसे आहे. राष्ट्र ज्या देहांना रणभूमीसाठी मोजत होते त्यांतला एक देह त्या मोजणीतून निसटतो. या दोघांचे प्रेम म्हणजे क्रांती, असा दावा चित्रपट करत नाही. त्यांची पळवाट मरणाकडे जाते, आणि ओशिमा ते गोड करून सांगत नाहीत.

मे १९७६ मध्ये कान महोत्सवाच्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात चित्रपट दाखवला गेला. गर्दी इतकी झाली की जादा खेळ लावावे लागले. त्यानंतर अडथळ्यांची रांग सुरू झाली. बर्लिनच्या महोत्सवात सरकारी वकिलांनी प्रिंट जप्त केली. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क महोत्सवातला खेळ अमेरिकी सीमाशुल्क खात्याने अडवला. पुढे न्यायालयाने खात्याची ही कृती चुकीची ठरवल्यावरच तो तिथे दाखवता आला. प्रत्येक ठिकाणी अडवणारा वेगळा होता, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : बंदीची भाषा नीतीची असली तरी तिचे हत्यार बहुधा सीमा, पार्सल आणि परवाना हेच असते.

जपानमध्ये चित्रपट १६ ऑक्टोबर १९७६ रोजी लागला तो परदेशी चित्रपट म्हणून. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शहरात चित्रित झालेली कृती सीमाशुल्क खात्याच्या टेबलावरून आत आली. कित्येक दृश्ये कापली गेली, कित्येकांवर धूसर ठिपके आणि पट्ट्या आल्या. जपानमध्ये १९४९ पासून ‘एइरिन’ ही उद्योगाची स्वतःची परीक्षण संस्था होती, पण तिचा शिक्का कवच नव्हता. १९७२ मध्ये निक्कात्सुच्या चित्रपटांवर झालेल्या खटल्यात खुद्द एइरिनच्या परीक्षकांनाही आरोपी केले गेले होते. अशा वातावरणात वितरकांनी आधीच जास्तीत जास्त झाकून घेणे पसंत केले. जपानी प्रेक्षकाने त्या वर्षी जे पाहिले त्यात देहांपेक्षा डागच ठळक होते.

खटला झाला तो चित्रपटावर नव्हे, पुस्तकावर. पटकथा आणि चित्रपटातील छायाचित्रे असलेले पुस्तक सानइची शोबो या प्रकाशनाने १९७६ मध्ये काढले. पोलिसांनी ते जप्त केले आणि ओशिमा व प्रकाशक यांच्यावर कलम १७५ खाली आरोप ठेवला. ओशिमांनी न्यायालयात सुटकेची विनवणी केली नाही. कायद्याचे ते विद्यार्थी होते आणि त्यांनी कलमालाच आव्हान दिले. अश्लीलता वस्तूत नसते, लपवण्यातून निर्माण होते; जे उघड पाहता येते त्याची अश्लीलता विरून जाते, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. जपानी राज्यघटनेचे कलम २१ अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देते आणि सेन्सॉरशिपला मनाई करते. मग १७५ कसे टिकते, हा त्यांचा प्रश्न होता. १९७९ मध्ये तोक्यो जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि १९८२ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. पुस्तक अश्लील नाही, एवढेच न्यायालय म्हणाले. कलम जागच्या जागी राहिले. व्यक्ती जिंकली आणि प्रश्न बाजूला ठेवला गेला. ओशिमांना हवे होते त्याच्या नेमके उलटे.

हा खटला मराठी वाचकाला परका वाटू नये. डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’चे जपानी भाषांतर १९५७ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने अश्लील ठरवले, त्याच कादंबरीची प्रत विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याला झालेली शिक्षा १९६४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात कायम केली. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवरचा खटलाही याच जातीचा. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातली ही कथा उच्च न्यायालयात अश्लील ठरली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लेखक सुटला. तिथेही लेखक मोकळा झाला आणि भारतीय दंडसंहितेचे कलम २९२ टिकून राहिले. त्या काळात दोन्ही देशांत प्रश्न विचारला जाई तो कृती वाचकाला बिघडवते का, एवढाच. कृती काय सांगते याला न्यायालयात दुय्यम जागा असे.

घरगुती व्हिडिओतला व्हीएचएसचा अध्याय १९७६ मध्येच, जपानमध्येच सुरू झाला हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. ‘आइ नो कोरिदा’ जपानच्या पडद्यावर आला त्याच महिन्यात जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस पद्धतीचा पहिला रेकॉर्डर विक्रीला काढला. चित्रपट पाहण्याची जागा बदलली तसा सेन्सॉरचा तर्कही बदलला. चित्रपटगृहाच्या दारावर वय तपासता येते. कॅसेट घरात गेल्यावर ती कोण पाहील यावर कोणाचाच ताबा नसतो. शिवाय प्रेक्षक चित्र थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहू शकतो. ब्रिटनमध्ये या भीतीतून १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा आला आणि कॅसेटवर निघणाऱ्या चित्रपटांना चित्रपट परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ‘आइ नो कोरिदा’ तिथे १९७६ च्या लंडन महोत्सवात दाखवला गेला होता, पण नंतर अनेक वर्षे तो सभासद-क्लबांपुरता राहिला. १९९१ मध्ये त्याला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले, तेही एका चित्राची चौकट बदलून. त्या प्रसंगात लहान मूल होते आणि १९७८ च्या बालसंरक्षण कायद्याचा प्रश्न येत होता. या एका हरकतीला बाकीच्या हरकतींच्या रांगेत बसवणे योग्य नाही. प्रौढ कलावंतांनी जाणून केलेल्या कामाला कात्री लावणे वेगळे आणि ज्याला संमती देता येत नाही अशा मुलाचे संरक्षण करणे वेगळे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्यांनी हा भेद पुसला तर त्यांचीच बाजू कमकुवत होते.

त्याच १९९१ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी दूरचित्रवाणीने चित्रपट प्रक्षेपित केला आणि देशभर वादळ उठले. इतर ठिकाणी मात्र कॅसेट आणि पहिल्या डीव्हीडींचा काळ या चित्रपटावर अन्याय करणारा ठरला. रंग उतरलेले, चौकट अर्धवट, आणि वेष्टनावरची जाहिरात प्रौढांच्या दुकानाला शोभणारी. सेन्सॉरने ज्याला अश्लील म्हटले त्याला बाजारानेही त्याच नावाने विकले. तोदा यांनी योजलेला लाल रंग ज्या प्रतीत मळकट तपकिरी दिसतो, त्या प्रतीत चित्रपटाचा निम्मा अर्थ हरवतो. जतन करणे हे समीक्षेचेच एक अंग आहे, ते अशा वेळी कळते.

एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील क्रायटेरियन कंपनीने चित्रपट डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन्ही रूपांत काढला. ही कंपनी १९८४ पासून लेझर डिस्कच्या काळातही चित्रपटाबरोबर अभ्यासकाचे समालोचन आणि पूरक साहित्य देत आली होती. या आवृत्तीत टोनी रेन्स यांचे समालोचन आहे, ओशिमा आणि कलावंतांची १९७६ मधली मुलाखत आहे, तात्सुया फुजी यांची नवी मुलाखत आहे, वाकामात्सु आणि सहायक दिग्दर्शक योइची साइ यांच्या आठवणी आहेत, वगळलेली दृश्ये आहेत; सोबतच्या पुस्तिकेत डोनाल्ड रिची यांचा लेख आहे. ओशिमांचा पुढचा चित्रपट ‘आइ नो बोरेइ’, ज्यासाठी त्यांना १९७८ मध्ये कान येथे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तोही त्याच वेळी निघाला. दोन्ही एकत्र पाहता आल्यामुळे पहिल्या चित्रपटातला बंद खोलीचा आग्रह आणि दुसऱ्यातला गावाचा, ऋतूंचा आणि अपराधी मनाचा विस्तार यांची तुलना सामान्य प्रेक्षकालाही करता येऊ लागली. ज्या माध्यमाला सेन्सॉर सर्वांत जास्त घाबरत होता, त्यानेच हा चित्रपट अखंड आणि संदर्भासह लोकांपर्यंत पोहोचवला. थांबवता आणि मागे नेता येण्याची सोय गंभीर प्रेक्षकाच्या हाती वाचनासारखी ठरली : चौकटीत कोपऱ्यात बसलेली मोलकरीण, कपड्याचा बदललेला रंग, सत्तेचे सरकणे हे सारे पुन्हा तपासता येते.

तरीही डिस्क एक हिशेब मिटवू शकत नाही. या चित्रपटाची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. ओशिमांची कीर्ती वाढली. १९८३ मध्ये ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ने ती आणखी पसरली. तात्सुया फुजी ‘आइ नो बोरेइ’तही प्रमुख भूमिकेत होते आणि पुढे दीर्घकाळ काम करत राहिले, २०२३ मध्ये सान सेबास्तियन महोत्सवात त्यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. एइको मात्सुदा यांना मात्र मायदेशात टीका आणि अवहेलना सोसावी लागली, त्या युरोपात गेल्या आणि त्यांची कारकीर्द फुलली नाही. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. चित्रपटात सत्ता स्त्रीच्या हाती जाते, चित्रपटाबाहेर मात्र शिक्षा स्त्रीलाच झाली. मात्सुदांचा अभिनय हा या कृतीचा कणा आहे : लाडिकपणापासून अधीरतेपर्यंत, तिथून एका विचित्र शांततेपर्यंत तो जातो, आणि त्याबद्दल समीक्षेने लिहिले ते धाडसाविषयी अधिक, कलेविषयी कमी. आजच्या प्रेक्षकाने हा समतोल स्वतः दुरुस्त करून घ्यायला हवा.

जपानमध्ये २००० साली ‘आइ नो कोरिदा २०००’ या नावाने आधी कापलेली बरीच दृश्ये परत घेऊन चित्रपट पुन्हा लागला, मात्र गुप्तांगांवरचे धूसर डाग कायम ठेवून. मधल्या काळात तिथले संकेत सैल होत गेले होते : १९९१ मध्ये किशिन शिनोयामा यांच्या ‘सांता फे’ या छायाचित्रसंग्रहानंतर नग्नतेच्या छपाईवरचा कडक जुना नियम व्यवहारात ढिला पडला, २००८ मध्ये रॉबर्ट मॅपलथॉर्प यांच्या छायाचित्रांचे पुस्तक अश्लील नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, २०१५ मध्ये तोक्योतील एइसेइ बुंको संग्रहालयात शुंगा चित्रांचे प्रदर्शन भरले. ओशिमा १५ जानेवारी २०१३ रोजी निवर्तले. २०२१ मध्ये दुरुस्त केलेली प्रत जपानच्या चित्रपटगृहांत आली. कलम १७५ अजून लागू आहे.